परदेशी विद्यापीठाचा अर्ज आणि वाशीमचे कागद

परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जायचे तर हुशारी लागते, पैसा लागतो आणि इंग्रजी लागते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. बाहेरदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे अर्ज तपासून देण्याचे काम त्यातूनच माझ्याकडे आले. त्या फायली चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेक अर्ज हुशारीपाशी अडत नाहीत, ते कागदापाशी अडतात. आपल्याकडचा प्रत्येक कागद इथल्या एखाद्या कामासाठी जन्माला आलेला असतो: गुणपत्रिका नोकरीसाठी, सातबारा पीककर्जासाठी, जातीचा दाखला सवलतीसाठी, चारित्र्याचा दाखला भरतीसाठी. परदेशी विद्यापीठ याच कागदांना भलतेच प्रश्न विचारते. ते प्रश्न कोणते, आणि आपल्या कागदांकडून त्यांची उत्तरे कशी मिळवायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे बारा लाख. शेती मुख्यतः पावसावरची, आणि खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. २०१८मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातले जे चार जिल्हे त्यात आले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीम होता. हेच वाशीम कधीकाळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, हे इथली मुले स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात. राजधानीचा तो वारसा परदेशी अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिथे वेगळ्याच वारशाचा उपयोग होतो: घरात, गल्लीत, नात्यात आधी कोणी तरी जाऊन आलेले असण्याचा. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा वारसा आयता मिळतो. आपल्याकडे तो उभा करावा लागतो.

आधीचे तीन अर्ज

मराठी माणसाच्या परदेशी अर्जाचा इतिहास मात्र बराच जुना आहे, आणि त्यातली तीन उदाहरणे आजही कामाची आहेत.

पहिले आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी केलेला पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला आणि आनंदीबाईंशी पत्रमैत्री केली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कोलकात्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचे पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पूर्ण करत नाही, हे त्यांनी त्या पत्रात सरळ सांगून टाकले. त्यानंतर आपण का आलो, कोणासाठी आलो, आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना कशाची गरज आहे, हे लिहिले. महाविद्यालयाने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला गेला. कोलंबिया विद्यापीठानंतर १९१६मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवले: चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे घेऊन ते १९२०मध्ये पुन्हा गेले, आणि १९२३मध्ये डी.एस्सी. झाले. एक शिष्यवृत्ती पुरली नाही, म्हणून तीन-चार वाटांनी पैसा जमवला. परतीचे दार मात्र त्यांनी कागदोपत्री उघडे ठेवले होते.

तिसरे उदाहरण आपल्या मातीतले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे शालेय शिक्षण काही काळ आपल्या कारंजा लाडला झाले. १९२०मध्ये ते ब्रिटनला गेले. त्यासाठी घरची जमीन गहाण पडली, असे सांगितले जाते. बॅरिस्टर होऊन आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माविषयी प्रबंध लिहून ते परतले. पुढे अमरावतीत त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेत वऱ्हाडातल्या कित्येक पिढ्या शिकल्या.

या तिन्ही अर्जांत चार गोष्टी आहेत: स्वतःबद्दल नीट सांगणे, कोणी तरी पत्र वाचणे, पैसा, आणि परत येण्याचा प्रश्न. आजचा अर्ज संगणकावर भरला जातो, पण चारही गोष्टी जागच्या जागी आहेत.

नाव

अर्जाचा पहिला रकाना नावाचा. सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत येते. आधार कार्डावर बहुधा नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा उलटा क्रम. पासपोर्टवर दोनच रकाने: एकात आडनाव, दुसऱ्यात उरलेले सगळे. विद्यापीठाचा अर्ज पहिले नाव आणि शेवटचे नाव विचारतो. समोर गुणपत्रिका ठेवून भरणारा विद्यार्थी पहिले नाव म्हणून आडनाव लिहितो आणि शेवटचे नाव म्हणून वडिलांचे. पुढे परीक्षेच्या दारावर पासपोर्ट दाखवायचा असतो, प्रवेशपत्र पासपोर्टशी जुळावे लागते आणि व्हिसाच्या वेळी गुणपत्रिकाही. एका माणसाची तीन माणसे होतात.

त्यात रोमन लिपीतल्या स्पेलिंगची भर. वऱ्हाडात चव्हाण हे आडनाव एका कागदावर एकाच ‘एच’ने, तर दुसऱ्यावर दोन ‘एच’नी लिहिलेले सर्रास दिसते. राठोडचेही तसेच. मराठीत एकच असलेले आडनाव तिकडच्या संगणकाला दोन वेगळी वाटतात.

यावर उपाय आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. दहावीची गुणपत्रिका मूळ धरायची, कारण ती बदलणे सर्वांत अवघड. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. मग पासपोर्ट काढायचा. वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि साध्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. जिथे दुरुस्ती शक्य नाही, तिथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करायचे. नाव खरोखरच बदलले असेल, तर शासन राजपत्रात तशी जाहिरात द्यायची. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. पासपोर्ट हातात आल्यावर पुढच्या प्रत्येक अर्जात त्यावरचेच नाव, अक्षर न अक्षर, उतरवायचे.

गुण

दुसरा प्रश्न गुणांचा. आपल्याकडे टक्के म्हणजे टक्के. तिकडे विचारतात, किती पैकी, आणि पास व्हायला किती लागत होते?

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तिथे १ हा सर्वोत्तम श्रेणीचा आकडा आणि ४ हा उत्तीर्णतेचा. आपल्या गुणांचे रूपांतर करायला तिथे एक सूत्र वापरतात. जास्तीत जास्त शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे. त्याला जास्तीत जास्त गुण आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागायचे. आलेल्या उत्तराला ३ने गुणून त्यात १ मिळवायचा. समजा, विद्यार्थ्याला १०० पैकी ६८ गुण आहेत आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० आहे. १०० वजा ६८ म्हणजे ३२. १०० वजा ४० म्हणजे ६०. ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.६. अनेक अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते. म्हणजे ६८ टक्क्यांचा मुलगा दारातच अडतो आणि ७० टक्क्यांचा बरोबर २.५वर आत जातो. शेवटच्या सत्रातले दोन टक्के किती मोलाचे, हे पहिल्या वर्षीच कळले पाहिजे. ते आपल्याकडे तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर कळते.

पदवी किती वर्षांची, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमधली विद्यापीठे आपली तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. साधारणपणे मान्य करतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकूण सोळा वर्षांचे शिक्षण हवे असते, म्हणून तीन वर्षांच्या पदवीवाल्याने आधी इथे एम.ए. किंवा एम.एस्सी. करणे फायद्याचे ठरते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत, याची ती तपासणी असते आणि तिला वेळ लागतो.

गुणपत्रिकांच्या जोडीला ‘ट्रान्सक्रिप्ट’ मागतात. सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र देणारा, विद्यापीठाने प्रमाणित केलेला हा उतारा असतो. आपले संत गाडगे बाबा विद्यापीठ अमरावतीला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवर. रिसोडच्या मुलीला तिथे जाऊन परत यायला एक दिवस मोडतो, आणि एका फेरीत काम झाले तर नशीब. म्हणून अर्जाची मुदत जवळ येण्याची वाट न पाहता, पदवीचा निकाल लागताच ट्रान्सक्रिप्टचे जादा संच काढून ठेवावेत.

इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे चालतात. म्हणून ती फार आधी देऊ नये आणि फार उशिराही. मराठी माध्यमाच्या मुलांना व्याकरणाचा बाऊ वाटतो, पण माझ्यासमोर आलेल्या मुलांना जास्त जड गेले ते ऐकणे आणि बोलणे. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकणे आणि ऐकलेले मोठ्याने सांगणे, एवढा एक नियम सहा महिने पाळणाऱ्याला शिकवणीची फारशी गरज पडत नाही.

मी

तिसरा कागद म्हणजे उद्देशपत्र. आपल्या मुलांना सर्वांत जास्त त्रास याच कागदाचा होतो, आणि त्याचे कारण इंग्रजी नाही.

मानोऱ्याकडच्या एका मुलीने मला विचारले होते, ‘सर, आपनच आपली तारीफ कराची?’ तिच्या प्रश्नात आपले सगळे वळण आले. स्वतःबद्दल बोलू नये, केलेले सांगू नये, मोठ्यांनी विचारले तरच उत्तर द्यावे, अशी आपली शिकवण. त्यामुळे मुलांचे पहिले खर्डे एकाच साच्यातले असतात. मी लहानपणापासून अभ्यासात हुशार आहे. माझे वडील शेतकरी आहेत. आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे. मला संधी द्यावी ही विनंती. हा खर्डा म्हणजे तहसील कार्यालयातला विनंती अर्ज. तो वाचणाऱ्याला विनंतीत रस नसतो. त्याला एवढेच हवे असते, की या माणसाने काय पाहिले, त्यातून कोणता प्रश्न पडला, तो सोडवायला त्याने काय केले, आणि पुढचे उत्तर आमच्याच अभ्यासक्रमात का शोधायचे आहे.

एक उदाहरण देतो. कृषी पदवीधर मुलगा लिहितो, ‘मला शेतीत संशोधन करायची आवड आहे.’ त्याला विचारले, आवड कशावरून? मग हळूहळू बाहेर येते. शेजारशेजारच्या दोन वावरांत एकाच आठवड्यात सोयाबीन पेरले. एकावर पिवळा मोझॅक जोरात आला, दुसऱ्यावर कमी. त्याने दोन्हीकडचे वाण, पेरणीचे अंतर आणि पांढऱ्या माशीचे प्रमाण वहीत लिहून ठेवले. ही वही म्हणजे त्याचे उद्देशपत्र. तारीफ करायची गरजच नाही, पाहिले ते लिहायचे. आनंदीबाईंनी केले तेही हेच. अटींत कमी कुठे पडतो ते सांगितले, आणि पाहिलेले दुःख लिहिले.

गरिबीबद्दलही मुले दोन टोकांना जातात. काही लपवतात, काही तेवढेच लिहितात. वडिलांवर कर्ज आहे, हे वाक्य एकटे असले तर त्यातून फक्त कणव येते. त्या कर्जाचे हप्ते, बाजारभाव आणि पावसाच्या तारखा यांचा हिशेब मुलीने स्वतः ठेवला असेल आणि तिला अर्थशास्त्र शिकायचे असेल, तर तेच वाक्य तिची पात्रता सांगते.

शिफारसपत्राचीही तीच गत. आपल्याकडे प्राध्यापकांना दाखला लिहायची सवय आहे: ‘सदर विद्यार्थी माझ्या ओळखीचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ हे वाक्य पोलीस भरतीला पुरते. परदेशी समितीला वर्तणूक नको असते, प्रसंग हवा असतो. या विद्यार्थ्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणता प्रकल्प केला, चूक दाखवल्यावर काय केले? म्हणून विद्यार्थ्याने शिफारस मागायला जाताना आपल्या कामाची एक पानभर टिपणे सोबत न्यावीत. हे पत्र बहुधा शिक्षकाच्या महाविद्यालयीन ईमेलवरून थेट मागवले जाते. पुष्कळ शिक्षक असा ईमेल कधी उघडतही नाहीत. तो पत्ता चालू आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

पैसा

आता मुख्य गाठ. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.चे शुल्क परदेशी विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे १५ हजार ते ३० हजार पौंडांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पडते. २० हजार पौंड धरू आणि पौंड ११० रुपयांचा मानू. झाले २२ लाख. २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे नुसत्या शुल्कासाठी सुमारे ४१३ क्विंटल सोयाबीन. एकरी सात क्विंटल उतारा धरला, तर पाच एकरवाल्या शेतकऱ्याचे जवळपास बारा वर्षांचे सगळे पीक, आणि तेही बी-खत-मजुरी न वजा करता, हमीभाव मिळालाच असे समजून.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरे आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे खास खात्यात आधी जमा दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो १०० रुपयांचा धरला, तर साधारण १२ लाख. ते आपल्यालाच दरमहा ९९२ युरोंप्रमाणे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात.

मग शेतकरी म्हणतो, माझी पाच एकर जमीन आहे, तीवर कर्ज द्या. बँक नाही म्हणते, आणि त्याला ते अपमानासारखे वाटते. त्यामागे कायद्याचे कारण आहे. थकीत कर्जाची तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना २००२च्या सरफेसी कायद्याने मिळाला. त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन झटकन लिलावात जाऊ नये, म्हणून केलेली ही तरतूद आहे. पण त्याच तरतुदीमुळे मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात आणि अकृषक भूखंड किंवा घर मागतात. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, मालकीचा नकाशाबद्ध पुरावा नसतो. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक दिले जाते. ज्यांच्या घरात मूल पुढे शिकणार आहे, त्यांनी ते पत्रक वेळेत मिळवावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही. पण वर काढलेल्या हिशेबापुढे ती रक्कम कितीशी?

म्हणूनच आपल्याकडच्या मुलांसाठी खरे दार शिष्यवृत्तीचे आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३पासून आहे. दरवर्षी ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून जुनी, १९५४-५५ची. तिच्यात १२५ जागा: ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्या जमातींना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, वय ३५च्या आत, गुण किमान ६०टक्के. २०२२मध्ये या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे अर्जापूर्वीच पाहावे. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची आणि राज्याची वेगळी योजना आहे. ओबीसी, विमुक्त, भटके आणि विशेष मागास यांच्यासाठी राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, तर मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची. पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा तांड्यावरच्या मुलीला म्हणजे दोन दारे आहेत: राज्यात विमुक्त जातीचे, आणि केंद्रात त्या सहा जागांचे. अटी आणि रकमा वर्षागणिक बदलतात. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये, त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

जात न पाहणाऱ्या शिष्यवृत्त्याही आहेत. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगला किमान दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. युरोपच्या इरॅस्मस मुंडुसमध्ये शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो. जर्मनीच्या डाडची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती दोन वर्षे नोकरी केलेल्यांसाठी असते. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१मध्ये चिव्हनिंग मिळवून लंडनच्या ‘सोआस’मध्ये शिकले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अर्जाचे शिक्षण देते. वाशीमच्या सीमेपासून हे गाव दूर नाही. उदाहरण जवळचे असले, की मुलांच्या डोळ्यांतला भाव बदलतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

दलालांविषयी एक शब्द. ‘आमची सेवा मोफत आहे’ असे सांगणाऱ्या सल्लागाराला बहुधा विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यामुळे ज्या विद्यापीठाशी त्याचा करार आहे, तेच तो सुचवतो. जर्मनीतले विनाशुल्क सरकारी विद्यापीठ किंवा पूर्ण शिष्यवृत्ती त्याच्या कामाची नसते. २०२३मध्ये कॅनडात पंजाबच्या शेकडो विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाल्याचे प्रकरण गाजले. ती त्यांना दलालांमार्फत मिळाली होती. प्रवेशपत्र आले, की त्यावरचा क्रमांक घेऊन विद्यापीठाला स्वतः ईमेल करून विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.

वेळापत्रक

अर्जाचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, हे मला उशिराने नव्हे, पहिल्या दोन-तीन फायलींतच जाणवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाची तयारी आदल्या वर्षीच्या जूनपासून करावी लागते. जूनमध्ये पासपोर्ट आणि इंग्रजी परीक्षेचे शुल्क लागते, आणि नेमके तेव्हाच घरातला रुपया न् रुपया बियाण्या-खतात गेलेला असतो. चिव्हनिंगचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि साधारण ऑक्टोबरात बंद होतो. तेव्हा सोयाबीनची कापणी चालू असते आणि घरातला शिकलेला मुलगा वावरात असतो. दिवाळीच्या आगेमागे शेतमाल विकला, की हाती पैसा येतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात विद्यापीठांचे आणि इरॅस्मसचे अर्ज भरता येतात. म्हणून परीक्षेचे पैसे आदल्या हंगामातूनच बाजूला काढून ठेवावेत, आणि उद्देशपत्राचा पहिला खर्डा पावसाळ्यात लिहून टाकावा. कागद आणि शाईला हंगाम लागत नाही.

उन्हाळ्यात खरा पेच पडतो. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी आधी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र लागते. विद्यापीठ मात्र जागा राखायला अनामत मागते. शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत अनामतीची मुदत टळून जाते. अशा वेळी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला स्वच्छ लिहावे: मी शासकीय शिष्यवृत्तीचा उमेदवार आहे, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित आहे, मुदत वाढवून मिळावी किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर न्यावा. पुष्कळ विद्यापीठे यातले काही तरी मान्य करतात. बाबासाहेबांनी १९१७मध्ये मिळवलेली परवानगी याच जातीची होती. मागितली, म्हणून मिळाली. जात पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर हे कागद मात्र जाहिरात यायच्या आधीच तयार हवेत. पडताळणीला लागणारे महिने कुठलेही विद्यापीठ भरून देत नाही.

परत येण्याचा प्रश्न

एवढे सगळे सांगून झाल्यावर पालक शेवटी एकच विचारतात. ‘पोरगं वापस येईन का?’ याचे उत्तर अर्जात नसते. बडोद्याने दहा वर्षांची नोकरी लिहून घेतली, चिव्हनिंग दोन वर्षांसाठी परत पाठवते. पण कराराने माणूस देशात परततो, जिल्ह्यात नाही. जिल्ह्यात परतायचे तर परतण्यासारखे काही तरी इथे असावे लागते.

तोवर, जाणाऱ्याने मागे काही ठेवून जावे, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कप्पा असावा. जो गेला त्याने आपला उद्देशपत्राचा पहिला आणि शेवटचा खर्डा, नाकारल्याची पत्रे, खर्चाचा हिशेब आणि कुठल्या कागदाला किती दिवस लागले याची तारीखवार नोंद तिथे ठेवून जावी. पुण्या-मुंबईच्या मुलाला घरात मिळतो तो वारसा आपल्या मुलाला त्या कप्प्यात मिळेल. त्याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही.

आणि ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांच्यासाठी या सुट्टीतले एक काम. घरातले सगळे कागद एकदा सतरंजीवर मांडा. गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक, नमुना ८. प्रत्येकावरचे नाव मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, अक्षरे मोजायला सांगा. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. दिवाळीनंतर कचेऱ्या उघडतात. पहिल्याच सोमवारी दुरुस्तीला सुरुवात करता येईल.